तुमचे गुडघे चांगले होते

अहो, तुमचे गुडघे चांगले होते. शेवटपर्यंत ठणठणीत होते. हे एकदा कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून तेरवीचा पसारा तसाच ठेवून बसले आहे.

तेरवीला आलेल्या प्रत्येकाने तुमच्या गुडघ्यांचीच आठवण काढली. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी म्हणाल्या, गुडघ्यांनी घरात कोंडलं हो त्यांना, माणूस खचतोच. तुमच्या ऑफिसातले पेन्शनर मित्र म्हणाले, वेळेवर ऑपरेशन केलं असतं तर आज आपल्यात असते. नितीनने बंगलोरहून पाठवलेले सगळे पट्टे आणि तेलाच्या बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि मला विचारलं, आई, कोणाला देऊन टाकू? मी मान डोलावली. सगळ्यांपुढे डोलावत होते. तुम्ही निघून गेलात आणि खोटं बोलायला मला मागे ठेवून गेलात. असं कोणी करतं का हो?

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून आपण शहराच्या टोकाला, बेसाला, या फ्लॅटमध्ये आलो, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुम्ही फिरून लवकर परत आलात, माझ्याकडे न बघता थेट बाथरूममध्ये गेलात आणि आतून कपडे घासल्याचा आवाज यायला लागला. अख्ख्या संसारात ज्या माणसाने स्वतःचा हातरुमाल खळबळला नाही, तो पॅन्ट धूत होता. मी दारातून विचारलं तर म्हणालात, चिखलात पाय घसरला. बाहेर वैशाख चालू होता. त्या दिवशी सगळ्या बेसात शोधून चिमूटभर चिखल सापडला नसता.

पुन्हा तसं झालं तेव्हा मात्र तुम्ही पलंगाच्या काठावर बसलात आणि पंख्याकडे बघत बोललात. "मले समजतच नाही वं. समजते तवा होऊन गेलेलं राह्यते." मी काही म्हणायच्या आत माझं मनगट धरलंत. "कोणालेच नोको सांगू. नितीनले नाही, प्रभाकरले नाही, डॉक्टरले बी नाही. सांगशीन तर माझं मेलेलं तोंड पाहशीन."

शपथा घालणाऱ्या बायकांना तुम्ही आयुष्यभर हसलात. आणि तुम्हीच घातली, तीही असली.  मी हो म्हटलं. त्या हो मध्ये आपण दोघं आत आणि बाकी सगळं जग बाहेर राहिलं.

गुडघे कुठून आले तेही सांगते, कारण तुम्ही ते विसरून गेला होतात. त्याच आठवड्यात वाडीहून प्रभाकर भाऊजींचा फोन आला. दादा, रविवारी ये ना, किती दिवस झाले. तुमचा धाकटा भाऊ, तुमच्याशिवाय ज्याने कधी रविवारचं मटण शिजवलं नाही. वाडी म्हणजे इथून अर्ध्या नागपूरला वळसा. वाटेत ट्रकांची रांग, आणि गरज पडली तर जायला जागा कुठे? तुमच्या चेहऱ्यावर तो सगळा रस्ता मला दिसला. मग तुम्ही फोनवर म्हणालात, "गुडघे दुखून राहिले गा." तेव्हापासून ते गुडघे आपल्या घरात पाहुण्यासारखे राहायला आले आणि हललेच नाहीत.

खरं सांगू? पहिले काही महिने मला हसूही यायचं. कोणी आलं की तुम्ही लंगडायचे. दारापर्यंत डावा पाय ओढत जायचे आणि येताना उजवा. मी मागून डोळे वटारायची तर चालता चालता पाय बदलायचे. नितीन दिवाळीला आला तेव्हा बापाला धरून हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, काका, गुडघे तर तरुण माणसासारखे आहेत तुमचे. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. तुम्ही घामाने भिजलात. घरी येऊन नितीनला म्हणालात, फोटोत सगळं नसतं दिसत.

पण लग्नात हसू आलं नाही. भाऊजींच्या लेकीचं लग्न. आपल्या घराण्यात कोणाचंही लग्न असो, अंतरपाटाजवळ उभं राहून मंगलाष्टकं तुम्ही म्हणायची, हे ठरलेलं. भटजीही तुम्ही दिसलात की बाजूला सरकायचे. मुलगी पसंत पडल्याचा निरोप आला त्याच दिवशी भाऊजी पेढे घेऊन आले होते आणि म्हणाले होते, तारीख मागून काढू, पहिले दादाचा होकार घेऊ. आणि तुम्ही नाही म्हणालात. गुडघे. उभं राहवत नाही.

भाऊजींना काय माहीत. ते म्हणाले, खुर्ची देतो, बसून म्हण. तुम्ही तरीही नाही म्हणालात. घरी मी भांडले तुमच्याशी, आठवतं? तेव्हा तुम्ही मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. वरचा सूर लावायला पोटातून जोर लागतो, म्हणालात, आणि जोर लावला की आपल्या हातात काही राहत नाही. साऱ्या मांडवासमोर, अक्षता घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर, पोरीच्या लग्नात. 

आपण मागच्या रांगेत दाराजवळ बसलो. मंगलाष्टकं कोणीतरी मोबाइलवरून स्पीकरला लावली. भाऊजींनी अंतरपाटाजवळून एकदा आपल्याकडे पाहिलं, आणि आपण जेवायच्या आधी निघालो. नंतर त्यांचे फोन कमी झाले. मी एकदा केला तर एवढंच म्हणाले, "वहिनी, खुर्ची बी देऊन राहिलो होतो मी." मला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. ते माझ्या जिभेवर होतं आणि त्याच्यावर तुमचं तोंड होतं, मेलेलं.

यानंतरच्या दिवसांचं काय लिहू? आपण या तीन खोल्यांत राहत नव्हतो, अडकलो होतो. रस्त्याकडच्या खिडक्या बंद, कारण वास जाईल. सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती, त्याच कारणासाठी. समोरच्या वहिनी म्हणायच्या, तुमच्याकडे किती प्रसन्न वाटतं, सारखी पूजा असते. तुमचे पायजमे मी गॅलरीत वाळत घातले नाहीत, बिल्डिंगमधल्या बायकांना दोरीवरचे कपडे मोजायची सवय असते. आतल्या खोलीत पंख्याखाली दोरी बांधली. पावसाळ्यात कपडे आठवडा आठवडा ओले राहायचे आणि आपण त्या ओलसर वासात झोपायचो.

तुमचा आजार होता. माझं काय होतं? मला शपथ होती. माझं भजनी मंडळ सुटलं. माझी बहीण अमरावतीला आजारी होती तेव्हा मी गेले नाही, कारण तुमच्याजवळ कोणाला ठेवायचं आणि काय सांगून ठेवायचं? तिलाही गुडघेच सांगितले. ती बिचारी तिथून पडल्या पडल्या मला निर्गुडीच्या तेलाची कृती सांगत होती. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि तुमच्यावर इतकी चिडले की तुमच्या चहात साखर घातली नाही. तुम्ही तो चहा तसाच प्यालात. तुम्हाला कळलं होतं.

आणि आपली अक्कल बघा. पातळ होतं म्हणजे पोट बिघडलं, असं आपणच ठरवलं. मग तुम्ही भाजी सोडली, फळं सोडली, पोळी अर्ध्यावर आणली. पाणी तर चूळ भरल्यासारखं. मी बेलाचा मुरब्बा दिला, डाळिंबाची साल उकळून दिली, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाब थांबायच्या गोळ्या आणल्या. त्या गोळ्या तुम्ही खिशात घेऊन फिरायचे, लहान मुलं बोरं घेऊन फिरतात तशा. जितकं बांधून ठेवायला गेलो तितकं ते सुटत गेलं. तुमची हाडं दिसायला लागली. डायपरचं नाव काढलं की तुम्ही माझ्यावर ओरडायचे, "मी काय लेकरू आहो का?" मी म्हणायची, लेकरू असते तर उचलून डॉक्टरकडे नेलं असतं.

शेवटी मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण पुन्हा लिहिते, कारण माझ्या आयुष्यात मी एवढी एकच लढाई जिंकले. मी जेवण सोडलं. म्हटलं, तुम्ही खात नाही तर मीही नाही, बघू कोण आधी आडवं होतं. तुम्ही सकाळी हसलात, दुपारी रागावलात. संध्याकाळी मी वरणाला फोडणी दिली आणि ताट फक्त तुमचं वाढलं, तेव्हा तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "चाल बापा. पण डॉक्टर बाई पाहिजे नाही." पोटाची डॉक्टर बाईच होती. मी तुम्हाला आधी सांगितलंच नव्हतं.

ती आपल्या सुनेच्या वयाची. तुम्ही खुर्चीवर बसल्या बसल्या सुरू झालात, गुडघे, भूक लागत नाही, झोप येत नाही. ती ऐकत राहिली. मग तिने पेन खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "काका, कपड्यात होते का?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला नव्हता. तुम्ही भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हो म्हणालात. केवढंसं हो होतं ते, मला तरी कुठे ऐकू आलं, फक्त तुमचे ओठ हलले.

तपासून झाल्यावर ती म्हणाली की हा जुलाब नाहीच. आत कडक मळ साचून बसला आहे, आणि जे गळतं ते त्याच्या कडेने वाट काढून येणारं पातळ पाणी आहे. तुम्ही कमी खाऊन, पाणी तोडून आणि त्या गोळ्या घेऊन आतला दगड आणखी घट्ट करत होता. मला वाटलं होतं ती आपल्याला रागवेल. ती म्हणाली, काका, माझ्याकडे असे कितीतरी येतात, बहुतेक जण दुसरंच काही दुखतं म्हणून येतात. वय झालं म्हणजे हे सोसलंच पाहिजे असं काही नाही. फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, म्हणून याचं औषध त्याला देऊ नका.

बाहेर आल्यावर रिक्षात तुम्ही तोंड फिरवून बसलात. मला वाटलं, रागावलात. वर्धा रोडला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "मी लाजून राहिलो होतो, अन् बाई म्हणते कितीतरी येतात."

आतलं साफ करायचे ते दिवस कठीण गेले, ते लिहीत नाही. पण नंतरचं सगळं किती साधं होतं हो. सकाळच्या चहानंतर, मन असो की नसो, जाऊन बसायचं. पाय एका बुटक्या पाटावर टेकवून थोडं पुढे वाकायचं, कुंथायचं नाही. झोपायच्या आधी पाण्यात डॉक्टर बाईने दिलेली पोट साफ करायची पावडर. पाणी मोजून नाही, पोटभर. लघवी अडवतो तसं मागचं आवळून धरायचं आणि सोडायचं, तुम्ही ते टीव्हीवर बातम्या बघता बघता करायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, काही नाही, देशाची काळजी करतो. धुतल्यावर कोरडं करून मलम लावायचं, म्हणजे कातडी सोलत नाही. आणि बाहेर जाताना डायपर. त्याच्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो, पण तुम्ही घालायला लागलात आणि मी तुम्हाला चिडवणं बंद केलं.

सगळं थांबलं असं नाही. मधूनच एखादा दिवस खराब यायचा आणि तुम्ही दिवसभर तोंड पाडून बसायचे. पण मी खिडक्या उघडल्या. पायजमे गॅलरीत घातले. आपण सोनेगावच्या तलावापर्यंत फिरून आलो, आधी माझा हात घट्ट धरून, मग सोडून. आणि एक दिवस बाथरूममधून आवाज आला. तुम्ही मंगलाष्टकाचा सूर लावत होता. वरचा. मी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहिले. बाहेर येऊन तुम्ही टॉवेलने डोकं पुसत म्हणालात, "लागला ना सूर?" मी म्हटलं, लागला.

तेव्हाच म्हणालात, वाडीला जाऊ, प्रभाकरला सगळं सांगून टाकू. मी म्हटलं, आजच जाऊ. तुम्ही म्हणालात, या आठवड्यात नको, पुढच्या. मी म्हटलं, मी फोनवर सांगते. "नाही, मीच सांगीन. तू नोको सांगू, तुले शपथ आहे." हे आपलं अर्धवट राहिलेलं भांडण. मला ते अजून पुरं करायचं आहे. काहून पुढच्या आठवड्यात? काय होणार होतं पुढच्या आठवड्यात?

तो पुढचा आठवडा आलाच नाही. एका सकाळी तुमचा चहा झाला होता, पेपर मांडीवर होता. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले आणि म्हणाले, संपलं काकू. ते जिना उतरले, आणि शेजारपाजार गोळा व्हायच्या आत मी दार लावलं. तुमचा पायजमा बदलला. पुसलं, कोरडं केलं, धुतलेला, इस्त्रीचा घातला. मग दार उघडलं आणि मग रडले. बघा, तेव्हाही मी तुमची शपथ पाळली.

आता तेरवीचं. भाऊजी आले तसे पुरुषांत जाऊन बसले नाहीत. बाथरूमच्या दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले. जवळ कापडी पिशवी, ती त्यांनी खाली ठेवली नाही. नितीनने पाणी नेलं, त्यांनी हात हलवला. ताटावर बसले तर भाताची चार शितं चिवडली. उठताना त्यांनी पाठीमागून कुर्त्यावर हात फिरवला आणि हळूच हाताकडे पाहिलं. तो हात मी ओळखते. तुमचा हात तसाच फिरायचा, जिथून उठाल तिथून. त्या पिशवीत बदलायचा पायजमा असतो तेही मला माहीत आहे.

मी तुपाचं भांडं घेऊन तिथेच उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, जेवला नाहीत?

ते म्हणाले, "नाही वहिनी. गुडघे दुखून राहिले."

अहो, तेच शब्द. तुमचाच भाऊ. आणि आधी माझ्या मनात काय आलं सांगू? तुमची शपथ. इतकी वर्षं वागवली, एवढ्यात कशी सुटेल? बोलशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मग मला कळलं की ते मी पाहिलं आहे. ते धुतलं आहे, त्यात तुळशीपत्र आणि गंगाजल घातलं आहे. आता तुम्ही मला काय दाखवणार होता?

मी तूप जावेच्या हातात दिलं. शोभाला म्हटलं, तू वाढ, मी आले. भाऊजींना आतल्या खोलीत नेलं, जिथे दोरी बांधली होती ना, तिथे. दार लोटलं.

"भाऊजी, तुमच्या दादाचे गुडघे चांगले होते," मी म्हटलं. "त्यांच्या कपड्यात होत होतं."

ते पिशवी छातीशी धरून उभे. मग मी सगळं सांगितलं, लग्नाचंही. सुराला पोटातून जोर लागतो, आणि तुम्हाला काय भीती वाटत होती, आणि खुर्ची दिली तरी काहून जमलं नसतं. ऐकता ऐकता ते पलंगाच्या काठावर बसले, जिथे तुम्ही बसला होता.

"दादाले बी?" एवढंच विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, हो.

"अन् मी खुर्ची देऊन राहिलो होतो त्याले," ते म्हणाले, आणि मग तुमचा तो सत्तरीला टेकलेला धाकटा भाऊ तोंडात उपरण्याचा बोळा घालून रडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मी रडू दिलं. मलाही रडायचं होतं, पण मी त्यांना त्या डॉक्टर बाईचं सांगितलं. तुमची उरलेली पावडर कपाटात आहे, ती दिली नाही. म्हटलं, कारण वेगळं असू शकतं, आधी तपासू. सोमवारी मी येते सोबत.

डोळे पुसून ते उठले आणि माझ्याकडे वळले. "पण वहिनी, शोभाले नोको सांगा. तुमाले माझी—"

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. दिराच्या तोंडावर, वयाच्या या टप्प्याला, तेरवीच्या दिवशी. शपथ मी त्यांना पुरी करू दिली नाही.

मग दार उघडलं आणि शोभाला आत बोलावलं. तिला त्यांनी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, मले वाटलं तुमी माझ्यावर रागावून राह्यले, म्हणून माझ्यासंग पोरीकडे येत नाही. मी बाहेर आले. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, वर गेल्यावर आपण बघून घेऊ. तुमचा आठवडा मी आज आणला.

पाहुणे पांगले. भाऊजी अजून आतच होते. थोड्या वेळाने दारात येऊन उभे राहिले, पिशवी हातात नव्हती. मला म्हणाले, "वहिनी, पाणी देता का?"

मी तांब्या भरून दिला. ते तिथेच उभ्या उभ्या सगळा प्याले, आणि पुन्हा मागितलं.